हवालदारांचे दोन चंद्र

माझ्या आईचा माझ्या कामावर एकच आक्षेप होता, तो जेवणाच्या वेळेचा. आम्ही सांगलीचे जैन. घरात सूर्य मावळायच्या आत ताटं उचललेली असायची. आणि मी असं काम पत्करलं होतं की ज्याचं गिऱ्हाईक सूर्य मावळल्याशिवाय येतच नाही. त्यामुळं सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते एस.टी. स्टँडच्या बाकावर, मांडीवर लाकडी पेटी आणि पेटीवर डबा ठेवून, मावळतीकडं बघत घाईघाईनं भाकरी खाताना. मग यजमान येत, "चला सर, जेवून घेऊ" म्हणत, आणि मी "झालंय" म्हणालो की त्यांचा चेहरा पडे. व्याख्यानाची सुरुवात अशी एका अपमानानं होई. पुढचे अपमान मी व्याख्यानात करून घेत असे.

माझी खरी नोकरी सांगलीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवण्याची. पण विद्यापीठाचा बहिःशाल विभाग होता, म्हणजे कॉलेजच्या भिंतीबाहेर गावोगावी व्याख्यानं द्यायची. ज्येष्ठ प्राध्यापकांनी इतिहास, साहित्य, सहकार वाटून घेतले. मी सगळ्यांत लहान, माझ्या वाट्याला 'आपले विश्व' आलं. सोबत कॉलेजची तीन इंची दुर्बीण. सत्तरचं दशक जवळजवळ सगळं मी ही पेटी मांडीवर घेऊन एस.टी.त घालवलं. कंडक्टर हटकून विचारी, "पेटी का, मास्तर?" म्हणजे बाजाची पेटी. तासगावकडच्या एका गावात तर माझ्या आधीच तबलजी आणून बसवला होता. मी पेटी उघडल्यावर तो बिचारा बराच वेळ दुर्बिणीच्या नळीकडं बघत राहिला, आणि शेवटी "सूर कुठला?" असं त्यानं विचारलं.

माझं सगळ्यांत चालणारं व्याख्यान 'शनी आणि त्याची कडी'. मला वाटे, माझ्या वक्तृत्वानं चालतं. पण लोक कड्यांसाठी येतच नसत, येत ते शनीसाठी. सांगलीच्या बाजारातले हळदीचे एक व्यापारी, साडेसाती चालू असलेले, नारळ घेऊन आले होते. दुर्बिणीला डोळा लावून ते इतका वेळ उभे राहिले की मागची रांग कुरकुरायला लागली. मग हळूच मला म्हणाले, "सर, ह्यो आपल्याला बघतोय काय?"

"नाही हो. तो फार लांब आहे."

"बघत नसंल तर बरं," ते म्हणाले आणि नारळ माझ्या हातात देऊन, वळूनही न बघता निघून गेले.

वाचकांपैकी ज्यांनी शनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी धंद्यातली माहिती थोडक्यात सांगतो. दुर्बिणीतून शनीभोवती दिसतं ते कडं एका पत्र्याच्या चकतीसारखं दिसतं, पण ती चकती नाही. बर्फाचे खडे, अगणित. काही मोहरीएवढे, काही घराएवढे. प्रत्येक खडा शनीभोवती आपापला फिरतो. आतले भरभर, बाहेरचे सावकाश. या कड्यात एक काळी फट आहे, आणि ती फट पाडली आहे कड्याच्या बाहेरून फिरणाऱ्या मिमास नावाच्या एका लहानशा चंद्रानं. फटीच्या जागी एखादा खडा असला तर मिमासची एक फेरी होईपर्यंत त्याच्या दोन होतात. म्हणजे दर दोन फेऱ्यांनी दोघांची गाठ त्याच ठिकाणी पडते आणि त्याच ठिकाणी मिमासचा हलकासा ओढा बसतो. झोपाळ्याला दर वेळी नेमक्या क्षणी बोट लावलं तरी झोका वाढत जातो, तसं. शेवटी खड्याचा मार्ग इतका वेडावाकडा होतो की शेजाऱ्यांना धडकत तो तिथून निघून जातो. जागा रिकामी होते.

हे सांगायला मला पाच मिनिटं लागत. करून दाखवायला गेलो तेव्हा अख्खी दुपार लागली.

पाचगणीच्या एका निवासी शाळेनं बोलावलं होतं. त्या हिवाळ्यात शनीची कडी अगदी उघडून दिसत होती, हवा स्वच्छ, आणि शाळा टेबललँडच्या पायथ्याशी. एवढं मोठं सपाट पठार बघून माझी बुद्धी फिरली. मी ठरवलं, संध्याकाळी दुर्बिणीतून कडी दाखवायची, पण त्याआधी दुपारी पठारावर कडं उभं करायचं. चुन्यानं वर्तुळं आखली. साठेक मुलं-मुली वर्तुळांवर उभी केली. मध्ये शनी म्हणून एक ढोल. सगळ्यांत बाहेरच्या वर्तुळावर मिमास म्हणून मी स्वतः, पायात चामडी चपला.

नियम सोपा होता. फटीच्या वर्तुळावरच्या मुलांनी माझ्या दुप्पट वेगानं फेऱ्या मारायच्या आणि माझ्याजवळून जाताना दर वेळी एक पाऊल माझ्या बाजूला सरकायचं. तीन-चार फेऱ्यांत त्यांचं वर्तुळ रिकामं होईल आणि मुख्याध्यापिकाबाईंना काळी फट दिसेल, असा माझा हिशोब. पहिली फेरी बरी झाली. दुसऱ्या फेरीत फटीतली मुलं शेजारच्या वर्तुळातल्या मुलांवर आदळली. ती त्यांच्या शेजारच्यांवर. तिसऱ्या फेरीत मी दमून थांबलो, आणि थांबलेला मिमास बघून सगळं कडंच माझ्या अंगावर आलं. मी चुन्यात पडलो. उठून बघतो तर मुलं पठारभर पांगलेली, आणि त्यातली दोन तर भाड्याच्या घोड्यांपर्यंत पोचलेली.

मुख्याध्यापिकाबाई माझ्याजवळ आल्या. "सर, फट कुठली?" त्यांनी शांतपणे विचारलं.

मी बोट दाखवलं.

"मला तर सगळीकडंच फट दिसतेय," त्या म्हणाल्या.

ही हकिकत मी पुढं गंमत म्हणून सांगत आलो. पण आता वाटतं, त्यात माझी एक चूक दडलेली होती आणि ती गमतीची नव्हती. एकमेकांना धडकणाऱ्या गोष्टींचं कडं पसरत जातं, हे त्या दुपारी माझ्या डोळ्यांसमोर घडलं. मग आकाशातलं कडं पसरत का नाही, हा प्रश्न त्याच वेळी मला पडायला हवा होता. मी विजार झटकत होतो.

तो प्रश्न चार वर्षांनी दुसऱ्या कुणाला तरी पडला. ते म्हसवडचे बाबूराव विरकर, तोफखान्यातून निवृत्त झालेले हवालदार.

मधल्या काळात एक मोठी बातमी आली होती. युरेनस नावाचा शनीपलीकडचा ग्रह एका ताऱ्यासमोरून जाणार होता. निरीक्षक घड्याळं लावून बसले, तर ग्रह आडवा यायच्या आधीच ताऱ्याचा उजेड काही वेळा चटकन मिचकला आणि ग्रह गेल्यावर पुन्हा तसाच मिचकला. म्हणजे युरेनसलाही कडी होती. पण शनीसारखी रुंद नव्हेत. अगदी अरुंद, दोऱ्यासारखी. मी लगेच ती माझ्या व्याख्यानात घातली. त्यासाठी नवी स्लाइड केली, काळ्या कागदावर पांढऱ्या दोऱ्याची वेटोळी चिकटवून. ती माझी आवडती स्लाइड होती.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये म्हसवडला गेलो. वाचनालयासमोरच्या पटांगणात चांगली गर्दी होती. दिवस मावळून फार वेळ झाला नव्हता, शनी पूर्वेला वर आलेला. व्याख्यान रंगलं, असं मला वाटलं. शेवटी "कुणाला काही विचारायचंय?" असं म्हणायची पद्धत होती, म्हणून म्हणालो. सहसा कुणी विचारत नसे.

पुढच्याच रांगेतून एक उंच गृहस्थ उठले. खाकी स्वेटर, भुवयांवर पीठ, हातात वही. हेच ते हवालदार, गावात त्यांची पिठाची गिरणी होती, हे मला शेजारी बसलेल्या ग्रंथपालांनी कानात सांगितलं.

"सर, एक इचारू का? ही बारकी कडी, दोऱ्यासारखी म्हणलासा. आन् त्यातलं खडं एकमेकाला धडकत्यात, असंबी म्हणलासा. मग ती पसरत का न्हाईत? माझ्या गिरणीत दगडामधी दाणा पडला की भायेरच्या कडंला पळतो. दोऱ्यागत एका जागी ऱ्हातोय कसा?"

मला उत्तर येत नव्हतं. आमच्या धंद्यात अशा वेळेसाठी एक वाक्य असतं, ते मी वापरलं. "त्यावर संशोधन चालू आहे."

एवढ्यावर माणसं बसतात. हवालदार बसले नाहीत. त्यांनी वही उघडली. "मला वाटतंय, त्याला राखण असंल. एक चंद्र कड्याच्या आतल्या अंगाला, एक भायेरच्या अंगाला. लय बारकं असतील, हितनं दिसत नसतील. पर दोनी बाजूनं दाबून धरत असतील."

इथं मला बरं वाटलं, कारण या विधानात चूक काढता येत होती. "हवालदारसाहेब," मी म्हणालो, "चंद्र ओढतो, ढकलत नाही. हे गुरुत्वाकर्षण आहे. दोन बाजूंना दोन चंद्र ठेवले तर दोघं दोन बाजूंना ओढतील आणि कड्याचे दोन तुकडे होतील."

"व्हय, ओढणारच. पर आतल्याचा येग जास्ती, भायेरच्याचा कमी. मग जो खडा…"

त्यांचं वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही. लोक आमच्याकडं आळीपाळीनं बघत होते आणि मला टाळीची सवय लागलेली होती. मी म्हणालो, "अहो, एका चंद्रावर कवी लोकांनी एवढा धुमाकूळ घातलाय. तुम्ही आणखी दोन कशाला नेमताय?"

पटांगण हसलं. मागं झाडावर चढून बसलेली पोरंही हसली. हवालदारांनी वही मिटली, "बरं" म्हणाले आणि बसले. नंतर दुर्बिणीची रांग लागली, तिच्यात ते दिसले नाहीत. हे माझ्या लक्षात आलं होतं. लक्षात येऊनही मला काही वाटलं नाही, हे लिहिताना मात्र वाटतंय.

उलट, विनोद जमला म्हणून मी तो व्याख्यानात कायमचा बसवला. वाईला सांगितला, विट्याला सांगितला, इस्लामपूरला तर दोनदा सांगितला. "म्हसवडला एक हवालदार भेटले, त्यांनी आकाशात दोन चंद्र नेमले" अशी त्याची सुरुवात असे. दीड वर्ष मी त्या माणसावर टाळ्या घेतल्या.

मग १९७९चा पावसाळा आला आणि एका दुपारी मी कॉलेजच्या वाचनालयात परदेशी मासिकं चाळत उभा होतो. आमच्याकडं ती बोटीनं यायची, त्यामुळं आम्हाला विश्वाची बातमी काही महिने शिळी होऊन मिळे. एका पानावर छोटी नोंद होती. युरेनसची अरुंद कडी पसरत का नाहीत, याचं एक स्पष्टीकरण कुणीतरी मांडलं होतं. प्रत्येक कड्याच्या आतून एक आणि बाहेरून एक असे दोन छोटे चंद्र फिरत असावेत आणि ते कड्याला दोन्ही बाजूंनी आवळून धरत असावेत.

मी उभा होतो तो बसलो.

माझी पहिली प्रतिक्रिया प्रामाणिकपणे सांगतो. मला वाटलं, हे चूक आहे आणि मी ते सिद्ध करीन. तपासायच्या पेपरांच्या गठ्ठ्यातून कोरे कागद काढले आणि गणित मांडायला बसलो. चार पानं भरली. चौथ्या पानाच्या तळाशी माझाच पराभव झाला.

ते गणित न करताही समजतं, फक्त मला समजलं नव्हतं. बाहेरचा चंद्र सावकाश चालतो. कड्यातला खडा त्याला मागं टाकून पुढं जातो. पुढं गेलेल्या खड्याला चंद्र मागं ओढतो. म्हणजे खड्याचा जोर कमी होतो, आणि ग्रहाभोवती फिरणाऱ्या वस्तूचा जोर कमी झाला की ती आत, ग्रहाकडं घसरते. बाहेरच्या चंद्रानं ओढलं, आणि खडा गेला आत. आतल्या चंद्राचं उलट. तो भरभर चालतो, खड्याला मागं टाकून पुढं निघतो, आणि जाता जाता त्याला पुढं ओढतो. खड्याचा जोर वाढतो, तो बाहेर सरकतो. दोघंही ओढतात, पण परिणाम ढकलल्यासारखा होतो. मधलं कडं अरुंदच्या अरुंद राहतं.

"आतल्याचा येग जास्ती, भायेरच्याचा कमी. मग जो खडा…" एवढ्यावर मी त्या माणसाला तोडलं होतं. पुढचं वाक्य काय असणार होतं, ते मला आता चार पानं खर्चून कळलं.

मागाहून काय झालं ते इथंच सांगून टाकतो. पुढच्या वर्षी एका यानानं शनीजवळून फोटो पाठवले. त्यात एका अगदी बारीक कड्याच्या आत एक आणि बाहेर एक असे दोन बारके चंद्र दिसले. युरेनसच्या एका कड्याचेही दोन राखणदार काही वर्षांनी सापडले. पण त्या पावसाळ्यात यातलं काही माहीत नव्हतं. माझ्याजवळ फक्त गणित होतं आणि लाज होती.

पत्र लिहून काम भागेल असं वाटलं. तीन पत्रं लिहिली. पहिल्यात मी इतकं गणित घातलं की माफी सापडेना. दुसऱ्यात माफी होती, पण ती वाचून चूक हवालदारांचीच असावी असं वाटे. तिसरं बरं होतं, ते पाकिटात घालून मी टेबलाच्या खणात ठेवलं. विभागातले एक सहकारी म्हणाले, "सोडून द्या हो मगदूम. दीड वर्षांपूर्वीचं कोण लक्षात ठेवतंय?" हा सल्ला मला फार आवडला आणि मी तो आणखी तीन महिने पाळला. शेवटी दिवाळीच्या सुट्टीनंतर, या वेळी पेटी न घेता, म्हसवडच्या एस.टी.त बसलो. पोचलो तो नेमका बाजाराचा दिवस होता.

गिरणी शोधायला लागली नाही, आवाजावरून सापडली. आत पट्टा फडफडत होता आणि हवालदारांच्या पत्नी, शेवंताबाई, स्टुलावर उभ्या राहून वरून बाजरी ओतत होत्या. त्यांनी मला बघितलं. हात थांबला नाही.

"तुमी ते दुर्बिणवालं सर न्हवं?"

"हो, वहिनी. हवालदार आहेत का?"

"हायती. जादाच्या दगडाला टाकी घालत्यात मागल्या बाजूला." मग डबा खाली ठेवून त्या स्टुलावरून उतरल्या. "पर आदुगर एक सांगा. ह्यांला गाव काय म्हणतंय, ठाव हाय का तुमाला?"

मी नकारार्थी मान हलवली.

"दोनचंद्री. डबा ठिवायला येणारं शेंबडं पोरगंबी इचारतंय, 'हवालदार, आज किती चंद्र उगवलं?' पहिलं पहिलं हसायचं हे. आता हसत न्हाईत. त्या दिसापासनं वाचनालयात पाऊल टाकलं न्हाई. पलटणीत हुतं तवा तोफेचा पल्ला काढून द्यायचं ह्यांच्याकडं असायचं, सायेब लोक इचारून घ्यायचं. आन् हितं गावात येड्यात काढलं. तुमी एक वाक्य बोललासा आन् गेलासा एस.टी.नं."

मी दीड वर्ष तो विनोद गावोगाव नेला होता, हे त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही. आज लिहितो आहे, एवढंच.

हवालदार मागच्या बाजूला दगडावर छिन्नी चालवत बसले होते. मला बघून उठले, हात पुसला. "या सर. आज दिवसाउजेडी?"

मी त्यांच्यासमोर पोत्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. मासिकातली नोंद, गणित, माझी चूक. सांगताना पिठाच्या थरावर बोटानं वर्तुळं काढत होतो. बाहेरच्या चंद्रापर्यंत आलो तेव्हा ते म्हणाले, "येग कमी झाला की आत येणार."

"हो."

"तेच म्हणत हुतो मी तवा. तोफेच्या गोळ्याचा येग कमी केला की ग्वाळा अलीकडं पडतो. त्यावरनं सुचलं हुतं." एवढं बोलून ते पुन्हा छिन्नीकडं बघायला लागले. "जाऊ द्या, सर. तुमी सांगायला आलासा, झालं."

मला वाटलं, संपलं. सुटल्यासारखंही वाटलं. पण दारात शेवंताबाई उभ्या होत्या.

"हितं मागल्या दारी कानात सांगून काय उपेग? हसली ती सारी पटांगणात हसली."

"मी पुन्हा व्याख्यान ठेवतो," मी म्हणालो. "वाचनालयाला विचारतो, पुढच्या महिन्यात…"

"फुडल्या महिन्यात यील कोण? आज बाजार हाय. गावातली निम्मी दळणं आज माझ्या दारात हायती." आणि हवालदार "अगं, कशाला" म्हणेपर्यंत त्यांनी जाऊन बटण बंद केलं. पट्टा दोन-चार गिरक्या घेऊन थांबला.

गिरणी बंद पडली की तिथं किती माणसं होती ते कळतं. ओट्यावर, रस्त्यावर, कडुनिंबाखाली, डबे आणि गाठोडी घेऊन बसलेल्या बाया, काही पुरुष, सगळी एकदम आत बघायला लागली.

"सर बोलणार हायती," शेवंताबाईंनी जाहीर केलं. "बोलून झाल्याबिगर पट्टा फिरायचा न्हाई."

मी पुष्कळ सभा पाहिल्या, पण ज्यांचं पीठ माझ्यावर अवलंबून आहे असे श्रोते मला त्याआधी आणि नंतर कधी मिळाले नाहीत. ना स्लाइड, ना दुर्बीण. मी ओट्यावर उभा राहिलो आणि सांगितलं की दीड वर्षांपूर्वी याच गावात हवालदारांनी मला एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तरही त्यांनीच दिलं होतं, मला ते कळलं नाही म्हणून मी चेष्टा केली आणि तुम्हाला हसवलं. आता जगातले मोठे शास्त्रज्ञ तेच म्हणताहेत जे हवालदार म्हणाले होते.

पुढंच बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला नीट निरखून घेतलं. "म्हंजी हवालदार बराबर, आन् मास्तर चुकला?"

"हो, आजी."

"मग येवढंच सांगायचं की. त्येला गिरणी का थांबिवली?"

आता हशा झाला, आणि या वेळी तो माझ्यावर होता. हवालदारही मान खाली घालून हसले. मला तिथून निघावंसं वाटत होतं, पण गावातले एक शिंपी गाठोडं बाजूला ठेवून उठले. पटांगणात सगळ्यांत मोठ्यानं हसलेले हेच, असं नंतर समजलं. त्यांनी विचारलं, "पर सर, तवा तुमीच म्हणलासा, चंद्र वढतो, ढकलत न्हाई. मग वढून ढकलतोय कसा?"

मी सांगायला लागलो. कोनीय संवेग हा शब्द माझ्या तोंडून गेला आणि समोरचे डोळे विझत गेले. तिसऱ्या वाक्यात मी स्वतःच अडकलो. तेव्हा हवालदार उठून ओट्यावर माझ्या शेजारी आले.

"आरं, मोट्या रिंगणात दोन माणसं पळत्यात समज," ते शिंप्याला म्हणाले. "भायेरचा सावकाश. तू त्येच्या म्होरं गेलास की त्यो मागनं तुझं धोतर धरतोय. तुझा येग तुटला. आता येग तुटल्यालं आभाळात भायेर टिकत न्हाई, आत घसरतंय. झालं. वढलं त्यानं आपल्याकडं, आन् तू गेलास आत."

"आस्सं," शिंपी म्हणाले. ते खाली बसले, आणि मीही बसलो, कारण माझी आता गरज नव्हती.

शेवंताबाई बटणाकडं निघाल्या तेव्हा हवालदारांनी हातानं थांबवलं. ते माझ्याकडं वळले. त्यांच्या आवाजात पटांगणातलाच भाव होता, जरासा चाचरणारा, आधी परवानगी मागणारा.

"सर, आता एक इचारू का?"

"विचारा."

"चंद्र कड्याला रेटतोय. मग कडंबी चंद्राला उलटं रेटणारच की. तोफ ग्वाळा म्होरं टाकती, आन् आपून मागं सरती. तसं रेटत रेटत ते दोनी चंद्र लांब निघून जायाला पायजेत. मग राखण कोण करणार? त्येंला कोण धरून ठिवतंय?"

मी विचार केला. माझ्या चार पानांत हे नव्हतं. मासिकातल्या नोंदीत नव्हतं. संशोधन चालू आहे, हे वाक्य जिभेवर आलं, आणि समोर डबे घेऊन बसलेली सगळी माणसं माझ्याकडं बघत होती.

"माहीत नाही," मी म्हणालो.

म्हाताऱ्या बाईंनी शेजारणीला कोपरानं डिवचलं. हवालदारांनी बायकोला मान हलवून खूण केली. पट्टा फिरायला लागला, बायांनी डबे पुढं सरकवले, आणि त्या आवाजात हवालदारांनी माझ्या कानाशी तोंड आणलं.

"मग बघा काढून. मीबी बघतो. ज्येचं आदुगर निघंल त्यानं कार्ड टाकायचं."

ते पुढं वाचनालयात जायला लागले, असं ग्रंथपालांनी कळवलं. गावानं नाव मात्र बदललं नाही. दोनचंद्रीच म्हणत राहिलं, फक्त पोरं आता ते आदरानं म्हणतात की खोडीनं, हे ग्रंथपालांना ठरवता येत नव्हतं. कार्ड आमच्यापैकी कुणीच टाकलं नाही. शास्त्रज्ञांचंही त्या प्रश्नाचं उत्तर अजून पुरतं निघालेलं नाही, असं वाचनात येतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचाच तेवढा आधार वाटतो.